सहा वर्षं न घेतलेलं नाव

मंडळी, आज एकच प्रश्न. देवाचं नाव घ्या असं मी रोज सांगते, तुम्ही टाळ्या वाजवून घेताही. पण माणसाचं नाव कशासाठी असतं? घ्यायला, की मान राखून न घ्यायला? पुढच्या रांगेतल्या आजी, तुम्ही उत्तर देऊ नका. मालक शेजारीच बसलेत, आणि त्यांचं नाव तुम्ही लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलेलं नाही. एका गावात मी बाई पाहिली, सासऱ्याचं नाव रामजी. भजनात सगळ्या ‘राम राम’ म्हणायच्या, आणि ही आपली ‘मामंजी मामंजी’.

हसून घ्या. पुढे हसायला फारसं नाही.

ऐका. खाडीकाठी एक वाडी होती, अठरा घरांची, सगळी एका भावकीची. त्यातल्या शेवंतीला मुलगी झाली. बारशाला आत्याबाई पाळण्यापाशी गेल्या. शेवंतीच्या त्या थोरल्या नणंद, विधवा होऊन माहेरी परतलेल्या. त्यांची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि आईचंच नाव सांगितलं — चंद्रा.

चंद्र म्हणजे काय हो? जाणते सांगतात, उजळणारा, जिवाला आनंद देणारा. चंदनाचंही मूळ तेच म्हणतात. आता एवढं गोड नाव, आणि पोटच्या पोरीचं. पण शेवंतीला ते घेता येईना. कारण ते सासूचं. भावकीत चंद्राबाई सगळ्यांत थोरल्या, म्हणून वाडीतल्या एकाही सुनेला ते घेता येईना.

शेवंती आधीच आकाशातल्या चंद्राला ‘वरचा’ म्हणायची. चंदनाला ‘उगाळायचं लाकूड’. त्यात आता लेकीची भर पडली. तिला ती ‘बाय’ म्हणू लागली. अहो, त्या काठाला प्रत्येक मुलगी बायच.

एकदा, पोर वर्षाची असताना, तिनं नणंदेला विचारलं, “वन्सं, मी एकटी असताना तरी घेऊ?”

“एकटी कशी? आई बघतेय ना वरून,” वन्सं म्हणाल्या. “अगं, तिचा मान तिच्यामागं कोण राखणार? आपणच ना?”

वाईट नव्हत्या हो वन्सं. आईला आठवून पदर डोळ्याला लावायच्या. शेवंतीनं मान हलवली. विषय संपला.

आता त्या वाडीचं काम ऐका. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरतात, तिसऱ्यांचे शिंपले वेचायला. पौषात सकाळी धुकं असं उतरतं की हातातली टोपली दिसत नाही. चिखलात मधेच खोल चर, भरतीचं पाणी आधी त्यात घुसतं. आवाज ऐकून कुणी धावलं की गेलं चरात. म्हणून पोरांना चालता येऊ लागलं की पहिला धडा हा: धुकं आलं तर असशील तिथं उभं राहायचं. आपलं नाव ऐकू येईल, त्याच दिशेला एकेक पाऊल टाकायचं. दुसऱ्या कुठल्या आवाजाला हलायचं नाही, आणि पोरांनी आपण हाक मारायची नाही, नुसती ओ द्यायची. बायकाही तिथं एकमेकींना नावानंच हाका मारायच्या, धाकटी थोरलीलासुद्धा. चिखलात जिवंत माणसांना मानापानातून सूट होती. मेलेल्या सासूला नव्हती.

चंद्रा सहा वर्षांची झाली. शेवंतीनं तिला पहिल्यांदा बरोबर नेलं. नवरा होडीवर गेलेला, वन्सं घरी. पोर शिंपले वेचत जरा लांब गेली, आणि धुकं उतरलं. पाणी फिरलं, भरती लागली.

हाका सुरू झाल्या. आधी बायका एकमेकींना. “सुगंधा!” “ओ!” “येसू!” “ओ!” मग पोरांची नावं, आणि एकेक पोर आईच्या पदरापाशी आलं. शेवंती ओरडत होती, “बाय गो! बाय, इकडं ये!”

“तुझी आली का गं?” सुगंधानं विचारलं.

“नाही. तूच मार ना गं हाक.”

सुगंधा कशी मारणार? तीही भावकीतलीच सून. येसू म्हणाली, “थांब, मी पळत जाऊन वन्संना आणते. त्या घेतील.”

ऐकलंत? पोरीला हाक मारायला माणूस आणायला निघाली. आणि मंडळी, सगळ्यांना ते बरोबर वाटलं.

शेवंती मात्र थांबली नाही. पाणी घोट्याला लागलं, तशी ती बाय बाय करत राहिली. गुडघ्याला लागलं, तेव्हा तोंड उघडलं, पण आवाज येईना. सहा वर्षांत त्या अक्षरांना जीभ लागलीच नव्हती. मग आली एकदाची हाक.

“चंद्रा!”

आणि लगेच, पलीकडून, “ओ आये! मी हितंच हाय!”

पोर हललीच नव्हती. शिकवल्यासारखी उभी होती, नावाची वाट बघत. पण मधला चर भरला होता. शेवंती गळ्याएवढ्या पाण्यात गेली, चौघींनी तिला केसाला धरून मागं ओढलं. पुढच्या ओहोटीला चंद्रा तिवरांच्या मुळांत सापडली.

तिसऱ्या दिवशी वाडीत बोलणं सुरू झालं, सासूचं नाव चिखलात घेतलं, त्याचं फळ. वन्संनीही म्हटलं, रडत रडत, “एवढं पाळलंस, मग तेव्हाच का गं तोंडातून काढलंस?”

शेवंतीनं वर बघितलं. आवाज चढवला नाही.

“वन्सं, तिनं पहिल्याच हाकेला ओ दिली हो,” ती म्हणाली. “पहिल्याच.”

 

तर मंडळी, नाव कशासाठी, ते मी सांगायला हवं का? आता गजर करू. पण त्याआधी, तुमच्या घरात ज्याचं नाव तुम्ही मान म्हणून, राग म्हणून, लाज म्हणून घेत नाही, ते एकदा मोठ्यानं घ्या. देव थांबेल. त्याला हाका मारणारे पुष्कळ आहेत. आजी, तुम्हीसुद्धा. मालक अजून ओ देतील.