मास्तरांनी सोडलेली रिकामी ओळ

मंडळी, वहिनीसाहेब, तुमी सगळे भास्कर मास्तरांच्या शोकसभेला हितं जमलात. मी नरसय्या, साखर पेठेतला रंगारी. बोलायला उभा राहिलो खरा, पण माझ्या हातांना सूत रंगवायचं कळतं, भाषण न्हाय.

मास्तर पुण्याच्या कॉलेजात रसायन शिकवायचे. सुटीत घरी आले की माझ्या भट्टीजवळ येऊन बसायचे. कशापायी? आमच्या लुगड्यांचा लाल रंग कितीबी धुवा, उतरत न्हाय. ती कृती त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली, कॉलेजात करून बघायला लागले. एक गिरणीवाले शेठ आले. म्हणाले, कृती आम्हा एकट्यालाच विका. मास्तर साफ न्हाय म्हणाले. "पेटंट कॉलेजच्या हाती राहील. गिरणीनं फी भरावी, हातमागवाल्यांनी फुकट वापरावं. आणि नरसय्या, शोध लावणारे म्हणून तुमचं नाव पहिलं, माझं दुसरं." माझं नाव, मंडळी! आमच्या घरात आजवर कुणाचं नाव असल्या कागदावर चढलं न्हाय.

पण आमा रंगाऱ्यांत एक रीत हाय. कृती सांगायची, एक जिन्नस पोटात ठेवायचा. तो फक्त थोरल्या लेकाला. मीबी ठेवला. मग पुण्यात रंग उतरणारच की! मास्तर विचारायचे, "काही राहिलंय का हो?" मी म्हणायचो, "न्हाय की." तीन वर्षं त्यांनी सूत पुन्हा पुन्हा रंगवलं. तीन वर्षं मी बघत राहिलो. लई लाज वाटते आज.

परवा वहिनींनी मास्तरांच्या कपाटातला पेटंटचा अर्ज माझ्या हातात दिला. न धाडलेला. वर नावं दोन, माझं पहिलं. खाली जिन्नस ओळीनं. शेवटची ओळ रिकामी, आणि तिच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं, "नरसय्यांना वाटेल तेव्हा."

म्हणजे मास्तरांना ठावं होतं. ठावं असून मला कधी टोचून बोलले न्हाईत.

आत्ता हितंच तो जिन्नस ओरडून सांगावासा वाटतोय. पण त्यांनीच बजावलं होतं, आधी अर्ज, मग चारचौघांत बोलणं. अर्जाआधी गोष्ट फुटली तर पेटंट गेलं. म्हणून हितं सांगत न्हाय. उद्या सकाळी वहिनींच्या ओसरीवर, कॉलेजच्या साहेबांसमोर, ती ओळ मी भरणार.

मंडळी, आता उभं राहू. घटकाभर गप राहू.

मास्तर, इतकी वर्षं तुमच्यापासून लपवायला गप राहिलो. आज तुमचा शब्द राखायला गप राहतो.