चिंचेवरची वाघळं आणि माझं स्वागत

यापुढे कोणी मला वाघळांवर बोलायला बोलावलं ना, तर आधी विचारीन, फटाके कुठे ठेवलेत? हसू नका!

देवपूरच्या कॉलेजातले शिकवायचे तास सोडून मी एका गावी भाषणाला गेले होते. गावातल्या चिंचेवर शेकडो वाघळं. सरपंच नानांना मी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, "नाना, माद्यांच्या पोटाशी पिल्लं आहेत. दिवसा त्यांना झोपू द्या. दचकून उडाल्या तर पिल्लं खाली पडतात."

"बठ्ठं ध्यानमा शे, मॅडम," सगळं लक्षात असल्याचं नाना अहिराणीत म्हणाले.

मी गाडीतून उतरले, आणि माझ्या स्वागताला नानांनी चिंचेखालीच फटाक्यांची माळ लावली! भर दुपारी आभाळ काळं झालं. वाघळं सैरावैरा उडाली आणि माझ्या पायाशी एक पिल्लू पडलं. आई परत येईल म्हणून मी ते ओढणीने उचललं, फांदीला लटकवलं आणि तशीच भाषणाला उभी राहिले. ही वाघळं फळं खातात, बिया रानभर टाकतात, फुकटात झाडं लावून देतात, सगळं सांगितलं. सगळ्यात आधी टाळी कोणाची? नानांची!

शेवटी मी विचारलंच, "नाना, फोनवर काय सांगितलं होतं मी?"

"वाघळं दिवसा झोपता म्हणून."

"मग फटाके कशाला?"

उलट नानाच माझ्यावर चिडले. "काय मॅडम! त्यांच्यासाठी इतक्या लांबून आल्या तुम्ही. पाहुण्याले काय झोपलेली वाघळं दाखवायची?"