नानांचा मोतीबिंदू

नास्तिकपणा हाही एक धर्मच असं म्हणताय ना, मग माझ्या सासऱ्यांचं ऐका. नाना जळगावच्या मेहरूणमधले निवृत्त मास्तर, पक्के नास्तिक. "देवच नाही म्हटल्यावर धर्म कसला?" असं ते येईल त्याला ठणकावून सांगायचे. आमचं लग्नसुद्धा त्यांनी हट्टानं अमावस्येला लावलं.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास त्यांचा मोतीबिंदू पिकला. मी आणि सासूबाई त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी ऑपरेशन करून टाकू."

नानांनी खिशातून छोटं पंचांग काढलं आणि पान पार डोळ्यांजवळ नेलं. "छे! गुरुवारी गुरुपुष्य आहे. शुभ दिवशी मी काही करत नाही. अमावस्येला करा."

"अमावस्येला मी गावात नाही."

"मग पुढच्या अमावस्येला."

"तोवर डोळा जाईल, नाना."

नाना ढिम्म हलेनात.

सासूबाई रोज देवपूजा करायच्या, पण या विषयावर नानांसमोर त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मात्र आपल्या अहिराणीत शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, देवपूजा मी करस, पण आमना घरमा पंचांग फक्त ह्याच देखतस. यासनाएवढा सोवळा माणूस बठ्ठा जळगावमा नही."

डॉक्टर मान खाली घालून हसले. नानांनी पंचांग मिटलं आणि खिशात ठेवलं.

"बरं, गुरुवारी करा," शेवटी म्हणाले. "पण दुपारी दीडनंतर घ्या. तेव्हा राहुकाळ लागतो."