सेफ सीट

ज्याला रांगेत उभं राहायचं नाही त्याने खुशाल घरी बसावं, पण दुसऱ्याचा पाय ओढू नये. इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या लायब्ररीत माझी सून मतदानाच्या रांगेत, मी बाजूला खुर्चीवर. तिच्या पुढे एक मराठी जोडपं. बायको नुकती इथली सिटिझन झालेली, तिचं पहिलंच मत. नवरा ग्रीन कार्डवाला, नुसता सोबतीला आलेला, आणि कंटाळला तोच!

“आसावरी, चल ना यार. एका मताने काय होतं?”

“मला द्यायचंय, परीक्षित.”

“अगं, इंग्लंडमध्ये आमचा मतदारसंघ म्हणजे एकदम सेफ सीट. चाळीस वर्षं एकच पार्टी. खांब उभा केला तरी निवडून यायचा.”

“तिथे तुला मत होतं?”

“होतं की. तिथे इंडियन पासपोर्टवर चालतं.”

“मग अजून तीच पार्टी आहे?”

“नाही, मी होतो तेव्हाच पडली.”

“कितीने?”

“चार.”

“चार हजार?”

“चार मतं.”

“तू कुणाला दिलंस?”

“आम्ही सगळे रूममेट त्याच पार्टीचे गं. पण रांग मोठी, त्यात मॅच. म्हटलं, सीट सेफच आहे.”

“म्हणजे कुणीच गेलं नाही?”

“नाही.”

“किती जण होतात घरात?”

“...पाच.”

आसावरी रांगेत पुढे सरकली. मलाच राहवेना.

“बाळा, तिकडची सीट तुम्ही पाच जणांनी बसून पाडलीत. इथेही बसायचंच असेल तर ही घे माझी खुर्ची. तिला मात्र उभं राहू दे.”