हयातीची नोंद

ऑनलाइनचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. आमच्या तात्यांचे, म्हणजे माझ्या चुलत्यांचे, दोन्ही डोळे विहिरीच्या सुरुंगात गेले. पापण्या कायमच्या शिवलेल्या. अपंगांची पेन्शन चालू राहावी म्हणून ते दरसाल कोरेगावला तहसील कचेरीत साहेबांपुढं जाऊन उभे राहायचे, की झाली हयातीची नोंद. यंदा साहेब म्हणाले, आता मोबाईलवरच करायचं.

सेवा केंद्रवाल्यानं तात्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरला. त्यातून बाईचा आवाज आला, "डोळ्यांची उघडझाप करा."

तात्यांनी विचारलं, "कुणाला म्हणतीया ही?"

"तुमालाच, आवं," केंद्रवाला म्हणाला.

तात्यांनी भुवया हलवल्या, गाल हलवले. घाम फुटला. बाई आपली तेच म्हणत राहिली.

मी भडकलो. "आरं, आंधळ्या माणसाचीच पेन्शन हाय न्हवं ही? दुसरं कायतरी असंल की त्यात."

त्यानं बराच वेळ शोधलं. "न्हाई वो. हितं दोनच हायत, हयात न्हाईतर मयत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मयत टाकायला डोळं लागत न्हाईत."

तात्या काठी चाचपत उठले. म्हणाले, "मग त्येच टाक बाबा. त्ये तरी मला जमंल."