सोडायचं म्हंजे कसं

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाचं सांगतो. दुष्काळ होता आणि मी तहसील कचेरीत कारकून होतो. एका गावात फक्त गंगाबाईंच्या विहिरीला पाणी होतं. ती विहीर गावाला मिळावी म्हणून आमचे तहसीलदार साहेब कागद घेऊन गेले, सोबत मी. कागद इंग्रजीत. त्यात एक शब्द होता, ‘रिलिंक्विश’. मी सांगितलं, “म्हणजे सोडून देणे.”

गंगाबाईंनी पेन खाली ठेवला. “सोडायचं म्हंजे कसं, बाबा? गाय चरायला सोडतेत तसं, का हक्क सोडतेत तसं? गाय सांजच्याला घरी येती.”

मी साहेबांकडं पाहिलं.

“हक्क सोडतात तसं,” ते म्हणाले. “पण मला तर विहीर पावसापर्यंतच पाहिजे.” त्यांनी तो शब्द खोडला आणि मराठीत लिहिलं, ‘पाऊस पडेपर्यंत वापरायला दिली.’

“आता हेबी लिवा,” गंगाबाई म्हणाल्या. “पाणी समद्यांनी भरायचं. कुणालाच न्हाई म्हणायचं न्हाई.”

साहेबांनी लिहिलं, मग गंगाबाईंनी सही केली. त्यांच्या सासूला या गावानं कधी गावच्या विहिरीत पोहरा टाकू दिला नव्हता, हे मला परतताना जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं.