हात उघडे, आवाज खाली

...अन् वरून लोक मलेच विचारतात, ‘प्रेमानंद सर, कराटे शिकवता अन् मारू नका म्हणता, हे कसं काय?’ आता काय सांगू तुमाले! वाडीत, गोदामांच्या मागं, बुद्धविहाराच्या हॉलात अकरा वर्षांपासून पोरापोरींले शिकवून राहिलो मी... एक तास कराटे, एक तास नाटक. नाटकात भांडण लावायचं, अन् हात न उचलता मिटवायचं. ‘हात उघडे, आवाज खाली!’ बोलून बोलून घसा बसला!

त्यात आमचा अश्विन. गोदामात माल चढवणारा, वीस वर्षांचा, एका लाथेत फळीचे दोन तुकडे! पण नाटकात समजूत घालायले लागला की समोरचा खरंच रडे.

मंगळवारी दुपारी चहाच्या टपरीवर दोघांची जुंपली. एकानं चाकू काढला. अन् लोक काय करून राहिले? व्हिडिओ! अश्विन मधात गेला. हात उघडे, आवाज खाली... ‘ठेव गा ते, घरी तुही माय वाट पाहून राहिली असन.’ अन् त्यानं ठेवला, बरं का! चाकू खाली ठेवला! तेवढ्यात दुसऱ्यानं त्या चाकूवाल्यावर मागून रॉड उगारला, हा अडवायले वळला... अन् रॉड याच्या तोंडावर.

डावा डोळा गेला.

दवाखान्यात मी त्याच्यावरच ओरडलो, ‘काहून नाही मारलं बे? हात मोडता येत होता न तुले त्याचा!’ अख्खा वॉर्ड पाहून राहिला. नर्स म्हणे, ‘सर, आवाज खाली!’ अन् अश्विन काय म्हणे? ‘दोघंही जिते आहेत न सर?’

जिन्यात जाऊन रडलो. ब्लॅक बेल्टवाला माणूस!

पंधरा दिवसांनी त्याची माय, सिंधूताई, हॉलात आली. मनात म्हटलं, आता झापड पडते, अन् आपण अडवायची नाही. उभा राहिलो, हात उघडे... तिनं धाकट्या पोरीले, दीक्षाले, पुढं केलं. ‘हिले घ्या सर.’

‘ताई, माझ्यापाशी? अजून?’

‘काल तो चाकूवाला घरी येऊन रडून गेला. जिता आहे तो.’ मग पदरानं तोंड पुसलं. ‘पण सर... हिले थोडं पळायले बी शिकवा.’

पळायले! वीस लाथा शिकवल्या, बारा नाटकं बसवली, पळणं एकदाही नाही! आता रोज सकाळी सगळ्यांले मैदानात पळवून राहिलो, पन्नाशीत... अन् तुमाले सांगतो, सगळ्यात मागं मीच राहतो.